उलट्या अक्षराची भीती

दोन माणसांचे पटेनासे झाले की आपण सहज म्हणून जातो, त्यांचा छत्तीसचा आकडा आहे. तीन आणि सहा, एकमेकांकडे पाठ करून बसलेले. हेच दोघे जागा बदलून बसले की त्रेसष्ट होतात आणि समोरासमोर येऊन गप्पा मारू लागतात. आपल्या वाडवडिलांनी टिपलेली ही गंमत म्हणजे खरे तर भूमितीतले एक निरीक्षण आहे. देवनागरी तीन आरशात धरला तर तो जवळजवळ सहा दिसतो. मोठ्यांना ज्यातून वाक्प्रचार सुचला, तेच पहिलीतल्या मुलाच्या वहीत दिसले की मात्र घरात काळजी पसरते. मुलाने तीनच्या जागी सहा काढला, इंग्रजी 'बी'चे पोट डावीकडे काढून त्याचा 'डी' केला, 'एस' उलटा वळवला, की आई वही घेऊन बाईंना गाठते आणि दबक्या आवाजात विचारते, "बाई, याला ते डिसलेक्सिया तर नसेल ना?"

हा शब्द आपल्याकडे घरोघर पोहोचला तो २००७ च्या डिसेंबरात आलेल्या 'तारे जमीं पर' या चित्रपटामुळे. त्या चित्रपटाचे उपकार मोठे आहेत. वाचता न येणारा मुलगा आळशी किंवा मतिमंद असतोच असे नाही, ही गोष्ट कित्येक वडिलांना अंधारात बसून पहिल्यांदा पटली. पण चित्रपटाला दिसणारी खूण लागते आणि डोळ्यांना चटकन दिसणारी खूण म्हणजे उलटे अक्षर. तेव्हापासून उलटे अक्षर म्हणजे डिसलेक्सिया हे समीकरण पक्के होऊन बसले. हे समीकरण चित्रपटवाल्यांनी तयार केलेले नाही. ते शंभर वर्षे जुने आहे, चांगल्या चांगल्या डॉक्टरांनी मांडलेले आहे, आणि गेल्या पन्नास वर्षांत ते बरेचसे मोडीत निघाले आहे. त्याचीच हकिगत आज सांगायची आहे.

त्याआधी थोडे मागे जाऊ. एक काळ असा होता की शहाणीसुरती माणसे अक्षरे उलटी काढत आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. प्राचीन ग्रीकांनी अक्षरे घेतली फिनिशियन व्यापाऱ्यांकडून आणि ते लोक उजवीकडून डावीकडे लिहीत. ग्रीकांनी सुरुवातीला एक वेगळीच पद्धत वापरली. एक ओळ एका दिशेने, पुढची उलट दिशेने. शेतात बैल एक तास संपला की वळून दुसरा तास उलट्या बाजूने धरतो, तशी. त्या पद्धतीचे ग्रीक नावही बैलाच्या वळण्यावरूनच पडले आहे. ओळ वळली की अक्षरेही तोंड फिरवत. क्रीट बेटावर गॉर्टिन येथे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात भिंतीवर कोरलेले कायदे आहेत, त्यांत हे आजही पाहता येते. आपल्याकडेही आंध्रातल्या एर्रगुडी येथे अशोकाच्या एका लेखातल्या काही ओळी उजवीकडून डावीकडे गेलेल्या आहेत. अक्षराचे तोंड कोणत्या बाजूला असावे हा निसर्गाचा नियम नसून माणसांनी आपसात ठरवलेला संकेत आहे, आणि तो ठरायला मोठ्यांनाही काही पिढ्या लागल्या. सहा वर्षांच्या मुलाला आपण सहा महिनेही देत नाही!

आता डॉक्टरांकडे वळू. १८७७ साली आडोल्फ कुसमाउल या जर्मन वैद्याने 'शब्दांधत्व' अशा अर्थाचा शब्द वापरला. मेंदूला इजा झालेले काही रोगी त्याच्या पाहण्यात होते. त्यांना दिसे, बोलता येई, बुद्धीही शाबूत असे, पण छापलेला शब्द वाचता येत नसे. श्टुटगार्टचे नेत्रतज्ज्ञ रूडोल्फ बर्लिन यांनी अशा रोग्यांवर १८८७ साली एक पुस्तिका लिहिली आणि ग्रीक शब्दांवरून या व्याधीला 'डिसलेक्सिया' हे नाव दिले. म्हणजे हा शब्द जन्माला आला तो मेंदूच्या दुखण्याने वाचन गमावलेल्या प्रौढांसाठी. मुलांचा त्याच्याशी तेव्हा काही संबंध नव्हता.

१८९५ मध्ये ग्लासगोचे नेत्रतज्ज्ञ जेम्स हिन्शेलवुड यांनी एका भाषाशिक्षकाची हकिगत प्रसिद्ध केली. अठ्ठावन्न वर्षांचे हे गृहस्थ एके सकाळी विद्यार्थ्याचा फ्रेंचचा स्वाध्याय तपासायला बसले आणि पाहतात तो काय, एकही शब्द वाचता येईना. आकडे मात्र बिनचूक वाचता येत होते. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सीफर्ड गावात प्रिंगल मॉर्गन नावाचे डॉक्टर होते. हा लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्यांना एक मुलगा आठवला. पर्सी त्याचे नाव, वय १४. खेळात चपळ, बोलण्यात हुशार, गणितात तरबेज. तीन आकडी संख्येला तीन आकडी संख्येने गुणायला सांगा, चटकन उत्तर तयार. पण सात वर्षे शाळा आणि शिकवण्या होऊनही छापील मजकुरापुढे तो हतबल होई. स्वतःचे नाव लिहितानाही दोन अक्षरांची अदलाबदल करी आणि ते त्याच्या लक्षातही येत नसे. त्याच्या मास्तरांचे मत मॉर्गननी नोंदवले आहे: शिक्षण सगळे तोंडी असते तर हाच पोरगा शाळेत पहिला आला असता. नोव्हेंबर १८९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ही नोंद छापली गेली. जन्मतःच वाचनाची अडचण असलेल्या मुलाची ही पहिली सविस्तर हकिगत समजली जाते.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या प्रश्नाकडे आरंभी पाहिले ते बरेचसे डोळ्यांच्या डॉक्टरांनी. साहजिकच होते, कारण वाचता येत नाही म्हटल्यावर आईबाप मुलाला आधी चष्म्यासाठीच नेतात. त्यामुळे दोष 'पाहण्यात' आहे, शब्दाचे चित्र मनात साठत नाही, अशी मांडणी झाली. 'शब्दांधत्व' या नावातच ते आले.

आणि मग आले सॅम्युएल ऑर्टन. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ते मेंदू आणि मनोविकारांचे डॉक्टर होते. १९२५ साली त्यांनी एका ग्रामीण भागात फिरते तपासणी केंद्र नेले आणि वर्गात मागे पडलेली मुले पाठवा, असे शिक्षकांना सांगितले. त्यांत सोळा वर्षांचा एक मुलगा होता. बोलण्यावरून चलाख, पण वाचन जवळजवळ शून्य. अशी मुले तपासताना ऑर्टनना दिसले की ती 'बी'ला 'डी' म्हणतात, 'पी' आणि 'क्यू' यांत गोंधळतात, 'वॉज' हा शब्द उलट्या टोकाने वाचून 'सॉ' म्हणतात. काही मुले तर आरशातला मजकूर बऱ्यापैकी वाचत. ऑर्टननी सिद्धांत मांडला. मेंदूच्या दोन अर्धांपैकी एकात अक्षराची सरळ प्रतिमा उमटते, दुसऱ्यात आरशातली. एक अर्ध दुसऱ्यावर वरचढ झाला की उलटी प्रतिमा दबून राहते. ज्या मुलांत हे वर्चस्व नीट प्रस्थापित होत नाही त्यांच्यात ती वर येते. त्यांनी या अवस्थेला 'चिन्हांची पिरगळ' अशा अर्थाचे भारदस्त ग्रीक नाव दिले. नाव रुजले नाही, कल्पना मात्र रुजली. आज 'मुलाचा डावा-उजवा मेंदू' वगैरे जे आपल्या कानावर पडते त्याचे एक मूळ येथे आहे.

ऑर्टन यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो. त्यांचा सिद्धांत टिकला नाही, पण अशा मुलांना बुद्धी असते आणि ती शिकू शकतात, हा त्यांचा आग्रह खराच ठरला. त्यांच्या सहकारी ॲना गिलिंगहॅम आणि बेसी स्टिलमन यांनी १९३० च्या दशकात या मुलांसाठी शिकवण्याची पद्धत बसवली. अक्षर पाहायचे, त्याचा आवाज मोठ्याने म्हणायचा आणि त्याच वेळी बोटाने ते गिरवायचे. एकेक आवाज पक्का करत पुढे जायचे. हे ऐकून आपल्या पंतोजींच्या शाळेतली धूळपाटी आठवली तर नवल नाही. फळीवर धूळ पसरायची, मोठ्याने म्हणत अक्षर काढायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे. पंतोजींची छडी विसरण्याचे कारण नाही, पण 'धुळाक्षरे' हा शब्द काही उगीच उरलेला नाही.

ऑर्टनच्या सिद्धांताला खरी धडक बसली १९७१ मध्ये. अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेत इझाबेल लिबरमन, डोनाल्ड शँकवायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी दुसरीतल्या कच्च्या वाचकांच्या चुका चक्क मोजल्या. उलटे अक्षर आणि उलटा क्रम या दोन्ही मिळून एकूण चुकांचा लहानसा भागच निघाला. शिवाय अक्षरे उलटवणारी मुले आणि क्रम उलटवणारी मुले तीच असतील असेही दिसेना. दोन्हींचे मूळ एक असते तर ती एकत्र दिसायला हवी होती. बाकीचा चुकांचा मोठा ढीग होता तो स्वरांचा आणि शब्दाच्या शेवटच्या आवाजांचा, म्हणजे कानाच्या प्रांतातला.

त्याच दशकात फ्रँक व्हेलुटिनो या मानसशास्त्रज्ञाने एक फार सुंदर प्रयोग केला. त्याने अमेरिकन मुलांना क्षणभर हिब्रू शब्द दाखवले आणि आठवून काढायला सांगितले. त्यांतल्या कोणालाच हिब्रू येत नव्हते. दोष डोळ्यांत किंवा चित्रस्मृतीत असता तर वाचनात कच्ची मुले येथेही मागे पडली असती. तसे झाले नाही. दोन्ही गटांची कामगिरी सारखी. म्हणजे अक्षराचा आकार या मुलांना इतरांइतकाच दिसतो आणि आठवतो. अडते ते आकाराला आवाज जोडताना. पुढे १९८३ मध्ये ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी चार-पाच वर्षांची चारशेच्या आसपास मुले घेतली. शाळेत वाचन सुरू होण्याआधीच, तीन-चार शब्दांतला वेगळ्या आवाजाचा शब्द ओळखायला सांगितले आणि मग काही वर्षे त्यांच्या वाचनाकडे लक्ष ठेवले. आवाज ओळखण्यात जी मुले आधी अडखळली होती ती पुढे वाचनातही मागे राहण्याकडे कल दिसला. आज डिसलेक्सियाचा विचार मुख्यतः या ध्वनींच्या बाजूने होतो. त्याची इतरही अंगे आहेत, पण उलटे अक्षर हे त्याचे लक्षण म्हणून पहिल्या ओळीत राहिलेले नाही.

मग मुले अक्षरे उलटी का काढतात? भौतिकशास्त्रातले एर्न्स्ट माख यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवले होते की मुले 'बी-डी' आणि 'पी-क्यू' यांत सारखी गोंधळतात, कारण डावे-उजवे प्रतिबिंब आपल्याला मुळातच सारखे भासते. अलीकडे फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांनी हाच धागा पुढे नेला. वाघ डावीकडून आला काय आणि उजवीकडून आला काय, तो वाघच. गाईचे तोंड फिरले म्हणून तिची म्हैस होत नाही. कपाचा कान कोणत्याही बाजूला असला तरी तो कपच राहतो. जन्मल्यापासून पाच-सहा वर्षे मूल हा धडा घोटत असते आणि ते बरोबरच असते. आणि एके दिवशी आपण त्याच्यासमोर एक काठी आणि एक गोल ठेवून सांगतो की गोल उजवीकडे असला तर 'बी' आणि डावीकडे असला तर 'डी'. मुलाच्या आयुष्यातली ही पहिली वस्तू, जिचे तोंड फिरले की नाव बदलते! मेंदूला शिकलेले थोडे विसरावे लागते. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत अधूनमधून अक्षर उलटणे हा त्या विसरण्याचा भाग आहे.

फ्रान्समध्ये झां-पॉल फिशर यांनी पाच-सहा वर्षांच्या मुलांची उलटी अक्षरे तपासली तेव्हा आणखी मौज दिसली. मुले सगळी अक्षरे सारखी उलटवत नाहीत. 'जे', 'झेड' आणि इंग्रजी तीन ही चिन्हे जास्त उलटतात. रोमन लिपीतल्या बहुतेक मोठ्या अक्षरांची तोंडे उजवीकडे असतात, 'बी', 'ई', 'के', 'आर' अशी. मुलांनी हे कोणी न सांगताच हेरलेले असते, आणि डावीकडे पाहणाऱ्या अक्षरांनाही ती तोच नियम लावतात. चूक आहे, पण हुशारीची.

एक अभ्यास आपल्या देशातला आहे. एरिक पेडर्सन यांनी तमिळनाडूत निरक्षर, केवळ तमिळ जाणणारे आणि तमिळबरोबर रोमन लिपीही जाणणारे, अशा प्रौढांना आकृत्या दाखवल्या. तमिळ लिपीत एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असलेली अक्षरे नाहीत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की फक्त तमिळ वाचणारे लोक आरशातल्या आकृतीला निरक्षरांप्रमाणेच 'तीच' म्हणत. तिला वेगळी मानण्याची सवय दिसली ती रोमन शिकलेल्यांत. चांगले कर्तेसवरते, वर्तमानपत्र वाचणारे लोक हे. त्यांना कोणी रोगी म्हणेल काय?

आपल्या मराठी मुलांचे काय? महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले, त्यामुळे 'बी-डी'ची झुंज सगळ्यांच्याच वाट्याला आहे. देवनागरीत आरशातल्या जोड्या थोड्या आहेत. तीन-सहा ही एक, ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटी ही दुसरी. पहिली वेलांटी तर मुलांची खरी परीक्षा पाहते, कारण उच्चारात ती व्यंजनानंतर येते आणि लिहिताना आधी. ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचणाऱ्यांवर केलेल्या अभ्यासात, या उलट्या जागेमुळे वाचनाला मोठ्यांनाही वेळ लागतो, असे दिसले. आकड्यांतही तसेच. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी कानावर येतो आणि लिहायचा असतो नंतर. मूल कानाला प्रमाण मानून बावन्न लिहिते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' असे वाचन आले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! त्या वादात कोणाची बाजू घ्यावी हे ज्याने त्याने ठरवावे, पण अडचण खरी आहे एवढे कबूल करायला हरकत नव्हती.

आता खरे काळजीचे. उलट्या अक्षराच्या भीतीने दोन्हीकडून नुकसान होते. एकीकडे सहा वर्षांचे धडधाकट मूल या तज्ज्ञाकडून त्या तज्ज्ञाकडे फिरवले जाते. कोणी रंगीत काचांचा चष्मा देतो, कोणी डोळ्यांचे व्यायाम. दुसरीकडे तिसरी-चौथीतली एखादी मुलगी असते. अक्षर सुरेख, एकही अक्षर उलटे नाही, फळ्यावरचे उतरवून घेण्यात पटाईत. पण अनोळखी शब्द वाचायला दिला की पहिल्या अक्षरावरून अंदाजाने काहीतरी म्हणते. धडा पाठ असतो म्हणून वाचल्यासारखा वाटतो. तिची वही पाहून कोणालाच शंका येत नाही. ती 'अभ्यासात लक्ष नाही' या सदरात जाते आणि पुढे 'ढ' ठरते.

या 'ढ'चीही एक गोष्ट सांगतात. ब्राह्मीपासून आजपर्यंत सगळी अक्षरे बदलली, पण 'ढ' होता तसाच राहिला, म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही तो 'ढ'. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, अशोककालीन 'ढ' आजच्या 'ढ'शी खरोखरच मिळताजुळता आहे, डोक्यावरची रेघ तेवढी वगळली तर. एका अक्षराच्या चिवटपणाचे कौतुक करायचे सोडून आपण त्याची शिवी केली.

वहीपेक्षा मुलाचे मोठ्याने वाचणे ऐकावे. दुसरी संपत आली तरी जोडाक्षर नसलेले सोपे शब्द फोडून वाचता येतात का? 'मगर'मधला 'म' काढला तर काय उरते, हे सांगता येते का? आपण लहानपणी 'च'ची भाषा बोलत असू. 'मला' म्हणायचे तर 'चला म'. हा पोरखेळ म्हणजे शब्दाचे आवाज सुटे करून पुन्हा जोडण्याचा उत्तम व्यायाम होता. त्यावरून निदान करता येत नाही, पण कान कसा आहे याचा अंदाज येतो. घरात आजोबांना, काकांना किंवा वडिलांनाही वाचायला असेच जड गेले होते का, हेही विचारावे, कारण ही अडचण बरेचदा घराण्यात असते. मुलाचे कान आणि डोळे एकदा तपासून घ्यावेत हे बरोबरच. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये संयुक्त निवेदन काढून सांगितले की डिसलेक्सियावर डोळ्यांचे व्यायाम किंवा रंगीत काचा उपयोगी पडतात, याला पुरावा नाही. ज्या नेत्रतज्ज्ञांनी हे प्रकरण शंभर वर्षांपूर्वी हाती घेतले होते, त्यांच्याच वारसांनी ते असे शिक्षकांच्या हाती परत दिले.

शिक्षकांच्या हाती म्हणजे वर्गात. महाराष्ट्राने १९९० च्या दशकातच दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती दिल्या, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अध्ययन अक्षमतेला नावानिशी जागा मिळाली. ते चांगलेच झाले. पण प्रमाणपत्र आणि जादा वेळ दहावीला मिळतो, आणि वाचन सुटते ते दुसरीत. मधल्या आठ वर्षांत त्या मुलीला रोज वीस मिनिटे कोणी आवाज आणि अक्षर जोडून शिकवले की नाही, हे कोणत्याही अर्जात विचारलेले नसते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)